काट्याच्या चार तक्रारी

वजनकाट्याच्या खोलीत पंखा लावत नाहीत, खिडकी उघडत नाहीत. बोलायचं झालंच तर तोंड फिरवून बोलतात. मिलिग्रॅमचा दहावा भाग मोजणारा काटा श्वासानेही बिचकतो. सुरू केल्यावर तो स्थिर व्हायला अर्धा तास लागतो. त्या सोमवारी, अशाच एका अर्ध्या तासाच्या शांततेत, काटा तपासायला पहिल्यांदाच आलेल्या तंत्रज्ञाच्या पोटातून लांबलचक गुरगुर ऐकू आली.

"बोरबोरिग्मस," मी म्हणाले.

त्याने दचकून वर पाहिलं. "काय झालंय मला?"

"काही नाही. पोटातल्या गुरगुरीला इंग्रजीत असा शब्द आहे."

"एवढ्याशा आवाजाला एवढा मोठा शब्द?"

"आवाज एवढासा नव्हता."

तो हसला – पण आधी काट्याकडे पाठ केली, मग हसला. हे मला आवडलं. नोंद म्हणून सांगते.

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होते. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी रोज आठ इंग्रजी शब्द पाठ करायचे. बाटल्यांना चिकटवायची कोरी लेबलं घ्यायची, पुढे शब्द, मागे अर्थ, आणि खोक्यात टाकायची. परीक्षेत कधीच येणार नाहीत असलेच शब्द खोक्यात जास्त जमले होते. ताई म्हणायची, "तुझ्याशी बोलणं म्हणजे फॉर्म भरणं. आता तोही इंग्रजीत!"

काटेवाला – आमच्याकडे सगळे त्याला असंच म्हणायला लागले – मात्र हौसेने खोक्यातून चिठ्ठी काढायचा. बोटाचा तेलकटपणा लागला तरी वजन बदलतं, म्हणून वजनं तो चिमट्याने उचलायचा. चिठ्ठीही चिमट्यानेच.

"अलेज?"

"बाटली भरल्यावर वर जी रिकामी जागा राहते, ती."

"रिकाम्या जागेलाही नाव?"

"ती नसेल तर उन्हात बाटली फुटते. नाव हवंच."

"बरं. ॲप्रिसिटी?"

"हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब."

खिडकीच्या काचेतून कट्ट्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. त्याने त्यात हात धरला. "ही?"

"ही नाही. मार्च चालू आहे."

"तुम्ही फार कडक परीक्षक आहात हो..."

अर्धा तास संपला की तो वजनं ठेवायचा, आकडे उतरवायचा, सही करून निघायचा. पुढची खेप महिन्याने. महिना म्हणजे दोनशे चाळीस शब्द.

पहिल्या खेपेनंतर नवव्याच दिवशी मी तक्रारवहीत लिहिलं, 'काटा भरकटतो आहे.'

काटा भरकटत नव्हता. तिसऱ्या दशांशावरून लोकांशी भांडणारी मुलगी मी, आणि सरळ खोटं लिहिलं. तो दुसऱ्याच दिवशी आला, अर्धा तास थांबला, शेऱ्यात 'दोष आढळला नाही' लिहून गेला. मग दुसरी तक्रार झाली. तिसरी. चौथी.

चौथ्या तक्रारीच्या खेपेला त्याने जी चिठ्ठी काढली, ती मी नेहमी खोक्याच्या तळाशी ढकलायचे.

"रेडामन्सी," त्याने वाचलं.

"आपल्यावर प्रेम करणाऱ्यावर... उलट प्रेम करणं."

"वापरात आहे?"

"शब्दकोश म्हणतो, अप्रचलित."

"शब्द की ती गोष्ट?"

"...शब्द."

तेवढ्यात मॅडम आल्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली; बोलणं मोजकं, तेही उभ्या उभ्या. "दीड महिन्यात चार तक्रारी. काटा मोडीत काढू. स्वतःच स्वतःला तपासणारा नवा येतोय. तुम्ही 'नादुरुस्त' लिहून सही द्या. तुमच्या चकरा वाचतील." आणि गेल्या.

तो काट्याकडे बघत राहिला. "पाच वर्षांत इतका सरळ काटा बघितला नाही मी. याला नादुरुस्त कसं लिहू?"

"मग लिहू नका."

"नाही लिहिलं तर मॅडम म्हणतील, दोष आहे आणि याला सापडत नाही. आमच्या साहेबांना फोन जाईल. माझं काम आहे हे..."

मी तोंड फिरवायला विसरले. माझ्या श्वासाने आकडे हलले.

"तक्रारी खोट्या आहेत," मी म्हणाले.

"किती?"

"चारही."

"मला दोनच वाटल्या होत्या." मग हळूच – "का?"

"महिना फार मोठा होतो."

त्याने चिमटा डबीत ठेवला, झाकण लावलं. त्या झाकण लावण्याचा अर्थ माझ्या खोक्यात नव्हता.

मी सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जुन्या नोंदींवर रेघ मारायची नाही. पान फाडायचं नाही. खाली खरं कारण लिही. आणि महिनाभर त्या खोलीची किल्ली माझ्याकडे."

"सगळं कारण लिहू?"

"कारण म्हणजे कारण. काटा राहील."

परत आले तेव्हा तो वही उघडून बसला होता. मी उभ्यानेच लिहिलं: 'चारही तक्रारी खोट्या. काटा अचूक आहे. तक्रार करणारीला तंत्रज्ञाला भेटायचं होतं.' तारीख घातली, सही केली, आणि वही त्याच्याकडे सरकवली. माझे कान तापले होते. किती, ते मोजलं नाही.

त्याने दोनदा वाचलं. हातमोजा काढला. शेऱ्याच्या रकान्यात तो कधी एका ओळीपेक्षा जास्त लिहीत नसे. आज पेन थांबतच नव्हतं. मी पलीकडून उलटी अक्षरं लावत होते:

'काटा तपासला. अचूक. काम मात्र अपूर्ण आहे. रविवारी अकरा वाजता, काट्याशिवाय, पुन्हा भेट आवश्यक. तंत्रज्ञालाही महिना मोठा होतो.'

"इथे खाली ग्राहकाची सही लागते," तो म्हणाला. आवाज कामाचा होता, पण पेन त्याने उलटं पुढे केलं.

मी सही केली. मजकूर दुसऱ्यांदा न वाचता केलेली माझी ती पहिलीच सही.