मनूची मुंबई

रंजिता, तू मुंबई कधी नीट पाहिली आहेस का? कामाला किंवा दवाखान्यात जाणं म्हणत नाही मी. नुसती पाहायला म्हणून, खिडकीशी बसून?

आम्हीही नव्हती पाहिली. पनवेलच्या माणसाचं असंच असतं. मुंबई काय, इथेच तर आहे, कधीही जाता येईल, म्हणून जाणंच होत नाही. दीपेशची तळोज्याला शिफ्ट, आणि सुट्टीच्या दिवशी नेमकी कुणाची तरी हळद. मनूला शाळेत मुंबईची सात बेटं शिकवली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. वेणी घालतानासुद्धा तोंडाने बेटं चालू. गेटवे बघायचंय, म्हातारीचा बूट बघायचाय आणि सगळ्यात शेवटी राणीच्या बागेतले पेंग्विन. शेवटी का, तर तळलेली कोलंबीही ती ताटात शेवटी ठेवायची.

मग भाद्रपदात तिला ताप आला. डेंग्यू. पुढचं तुला माहीत आहे.

दहाव्याला गावच्या तळ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर पिंपळावर बसलेले दिसत होते, खाली एक उतरेना. दीपेशने हात जोडून सांगितलं, तुझ्या आईला सांभाळीन. सासूबाईंनी सांगितलं, तुझी सायकल कुणाला देणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "मनू, तुला मुंबई दाखवीन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

परतताना सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "कबूल केलंस ना, मंग पुरी दाखव. अर्धी ठेवू नको. पोरीचा जीव अडकंल."

मार्गशीर्षात मी पनवेलहून मुंबई दर्शनच्या गाडीत दोन जागा घेतल्या. दीपेश म्हणाला, माझ्याच्याने होणार नाही. मी खिडकीकडची जागा मोकळी ठेवून बसले. गळ्यात माइक अडकवलेला शैलेश नावाचा माणूस सगळं समजावून सांगायला होता. त्याने विचारलं, दुसरं कोण? मी म्हटलं, मुलगी आहे. त्याने खिडकीकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढे गेला.

उलव्याच्या पुढे गाडी समुद्रावरच्या लांब पुलावर चढली. ओहोटी होती. धुक्यात खाली नुसता चिखल, पाणी कुठे ते कळत नव्हतं. काचा बंद होत्या. तरी मला वास आला, चिखलाचा नाही, कोलन वॉटरचा. तापात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचे ना मी, त्या पाण्याचा.

शैलेश सांगत होता, इथे पूर्वी शहर नव्हतंच, बेटं होती. पोर्तुगिजांनी राजकन्येच्या लग्नात ती इंग्रजांच्या राजाला आंदण दिली. "त्यांनी हुंड्यात मुंबई दिली, आणि आमच्या सासऱ्याने मिक्सर," तो म्हणाला, तशी गाडी हसली. मग तो नावं घेऊ लागला. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा... आणि अडकला.

"छोटा कुलाबा," खिडकीकडून हळू आवाज आला.

"शाब्बास," शैलेश म्हणाला. "ताई, हुशार आहे हो मुलगी तुमची."

मी वळून पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. काचेवर तेवढी वाफ धरली होती, लहान मुलाने तोंड लावून बाहेर बघितल्यावर धरते तशी.

मला भीती नाही वाटली, रंजिता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. खाली उतरताना मी हात मागे केला आणि त्यात हात आला. लहानसा, जड, तापाने कढत.

गेटवेपाशी मी तिला सांगितलं की राजा इथे उतरला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली आणि इंग्रजांचे शेवटचे सैनिकही इथूनच गेले. बोटी हलत होत्या, कबुतरं उडत होती. परत गाडीत बसताना जाणवलं, तो हात निवला होता. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो, तेव्हा हलका झाला. म्हातारीचा बूट पाहून झाल्यावर तर तो आहे की नाही हे कळायला मला मूठ मिटावी लागत होती.

तेव्हा मला समजलं. ती मुंबई पाहत होती आणि जात होती. आता एकच जागा उरली होती.

राणीच्या बागेपाशी सगळे उतरले. शैलेशने विचारलं, पेंग्विन नाही बघायचे? मी म्हटलं, डोकं दुखतंय. ड्रायव्हर चहाला गेला. गाडीत नुसता कोलन वॉटरचा वास भरून राहिला.

"आई... चल ना."

"आज नको, बाळा."

"झोप आलीय गं... ते बघते आणि झोपते."

मी खिडकीकडे पाहिलं नाही. समोरच्या सीटच्या कव्हरवरची फुलं बघत राहिले. बाहेर पोरं आईबापांच्या हाताला लोंबकळत फाटकातून आत शिरत होती.

"आज नको," मी म्हटलं. "आपण परत येऊ..."

माझ्या मुठीतला हात एकदम जड झाला. आणि तापला.

परतीच्या वाटेवर मी तो सोडला नाही. पनवेलला उतरले तेव्हाही मूठ घट्ट होती, तिला घरी आणलं असंच मला वाटलं. मी तिचं अंथरूण घातलं. दीपेशने तिची उशी आणून ठेवली. सासूबाई मात्र दारातूनच मागे फिरल्या. अंथरुणावर हात फिरवला, तर ते थंडगार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेशचा फोन आला. "ताई, तुमची मुलगी गाडीतच राहिलीय... उतरत नाही. अंग भाजतंय तिचं." दीपेश आणि मी तसेच अनवाणी धावलो. आम्ही पोचलो तेव्हा गाडी रिकामी होती. शैलेश म्हणाला, "ताई, आत्ताच तर तुम्ही येऊन तिला घेऊन गेलात."