मागे दिलेली बाटली

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. ज्याच्यावर हे गुदरलं तो लायल टॉलेफसन आमच्या प्रिनव्हिल गावचाच. माझ्या सायकलच्या दुकानात आजही येऊन बसतो. साठी उलटलेला, सरळ माणूस. थापा मारायची अक्कल त्याला देवाने दिलेलीच नाही.

सहा वर्षांपूर्वीचा एकोणीस ऑगस्ट.

रात्र नव्हे... भर उन्हाची दुपार.

लायल आणि त्याचा मेहुणा हॉलिस सायकलवरून मोठ्या फेरीला निघाले होते. पंच्याण्णव मैल. आधी ओचोकोच्या जंगलातला जीव काढणारा चढ, मग पलीकडे उतरून ते उंचावरचं ओसाड वाळवंट, आणि वळसा घालून घर. हॉलिसच्या हृदयात हिवाळ्यातच स्टेंट घातला होता. निघताना नेड्राने, म्हणजे लायलच्या बायकोने, नवऱ्याचा दंड धरला.

"माझ्या भावाला नेतोयस तसाच परत आण. उगाच फुशारक्या नकोत."

"फुशारक्या तोच मारतो."

"ऐकू येतंय मला!" हॉलिस फाटकातून ओरडला.

चढावरच पाणी संपत आलं. माथ्यावर तंबू ठोकायच्या तळावर नळ होता, तो नेमका बंद. दोघांत मिळून एकच बाटली उरली, ती लायलकडे. फोनला रेंज नाही.

"तोंड पांढरं पडलंय रे तुझं," लायल म्हणाला.

"तू कुठे मोठा राजबिंडा दिसतोयस, म्हाताऱ्या? चल, पुढे हो. मी चिकटतो तुझ्या चाकाला."

सायकलवाल्यांची ही जुनी रीत. ज्याच्यात दम आहे त्याने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. थकलेल्याने त्याच्या चाकामागे, वीतभर अंतरावर चालवायचं. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल हलतं, आणि दोघंही आपटतात. मागच्याला कानांनीच सांभाळायचं. वीस वर्षं दोघं असेच चालवत आले होते.

जंगल संपत आलं. समोरून गरम वारा सुरू झाला.

लायल हात खाली करून रस्ता दाखवायचा. "खड्डा!"

"दिसला," मागून उत्तर यायचं.

उतारावर पाय थांबले की हॉलिसच्या चाकाचा आवाज यायचा. टिक... टिक... टिक.

मैलामागून मैल गेले. लायल इतका दमला होता की वैतागायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. डोक्यात एकच, ह्याला घरी पोचवायचंय.

एकदा त्याची नजर बाजूला गेली. रस्त्यावर सायकलची सावली पळत होती...

एकच सावली.

दमलेल्या माणसाचे डोळे काय, काहीही दाखवतात. त्याने दुर्लक्ष केलं.

"खड्डा!"

उत्तर नाही.

फक्त टिक... टिक... टिक.

"हॉलिस, पाणी देऊ का?"

बराच वेळ नुसता वारा. आणि मग... अगदी कानाजवळ...

"दे."

लायलने न वळता बाटली मागे धरली. ती कोणीतरी घेतली. घेताना बोटं त्याच्या बोटांना लागली. त्या उन्हात... बर्फासारखी गार.

थोड्या वेळाने बाटली हातात परत आली.

रिकामी.

"सगळं प्यायलास होय रे? एक घोट तरी ठेवायचास!" लायल चिडला, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणूस तो. पिऊ दे बिचाऱ्याला.

एका गुरांच्या वाडीच्या फाटकापाशी त्याच्या मांड्यांनी हात टेकले. "थांबतोय!" असं ओरडून त्याने पाय टेकला.

टिक... टिक... टिक...

आवाज थांबला नाही. तो लायलच्या डाव्या बाजूने पुढे गेला. सरळ गावाच्या दिशेने.

पुढे कोणी नव्हतं.

त्याने वळून पाहिलं. मागे चार मैल सरळ रस्ता दिसत होता. त्यावरही कोणी नव्हतं.

वाडीवाल्याच्या गाडीतून ते अठरा मैल मागे गेले. जंगल संपतं तिथे, शेवटच्या पाइनखाली हॉलिस बसलेला होता. सायकल खोडाला नीट टेकवलेली. डोळे रस्त्याकडे.

हँडलवरच्या यंत्रात छातीच्या ठोक्यांची नोंद होत असते. शेवटचा ठोका एक वाजून दहा मिनिटांनी पडला होता.

लायलने बाटली दिली तेव्हा अडीच वाजून गेले होते.

संध्याकाळी नेड्राने त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं लायल म्हणतो. तिने एवढंच विचारलं, "शेवटी पाणी तरी मिळालं ना रे त्याला?"

"मिळालं. बाटलीभर प्यायला," लायल म्हणाला.

तेव्हा कुठे ती रडली.

परवा दुकानात त्याने मला विचारलं, "मी तिच्याशी खोटं बोललो का रे?"

"अरे, तो हॉलिसच असणार," मी म्हणालो. "जाताना तुझ्याकडूनच पाणी घ्यावंसं वाटलं असेल त्याला. मनाला का लावून घेतोस?"

लायल आपल्या हाताकडे बघत राहिला.

"वीस वर्षं त्याच्या हातात बाटल्या दिल्यात मी. ती बोटं हॉलिसची नव्हती."

नेड्राला त्याने हे अजून सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.