बंद भट्ट्यांच्या दिवसाचं पाणी

पाय घसरला तिचा, आणि धावत येऊन त्यानं झेललं कुणाला? तिच्या हातून सुटलेल्या बाटलीला! ती आपली नाल्यात, गुडघाभर पाण्यात.

"माफ करा हं," तो हसू दाबत म्हणाला, "दोघींपैकी एकीलाच वाचवता आलं."

नाल्यालगतचा कापड रंगवायचा कारखाना त्याचा. ती शाश्वत विकास शिकणारी. कारखान्यातून नाल्यात येणारं पाणी तपासून नगरपालिकेला अहवाल द्यायचं काम तिच्याकडे आलेलं. मग तपासणी जी लांबली, ती लांबतच गेली. रोज रोज काय तपासता, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईतच होती!

"तुमच्या शास्त्रात असतं तरी काय?" तो मुद्दाम छेडायचा.

"पाणी, माणसं आणि कमाई, तिन्ही एकदम सांभाळायचं. आणि आजची गरज भागवताना उद्या येणाऱ्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही."

"आणि रंगाऱ्यानं चहा विचारला तर?"

"तो... चालतो," म्हणताना तिचे कान तापायचे.

आज नगरपालिकेत सुनावणी होती. पाणी स्वच्छ, असा तिचा अहवाल. म्हणजे त्याचा परवाना पक्का. दाराबाहेरच्या बाकावर तो खुशीत तिच्याकडे झुकला.

"त्या दिवशी रंगाच्या भट्ट्या बंद ठेवल्या ते बरं झालं. आदल्या दिवशी रंगाच्या वाफेनं किती खोकत होतीस... होतात."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही अहवालासाठी भिंतीमागून बाटल्या भरून नेल्यात त्या. आत नुसती कापडाची धुलाई चालू होती."

"म्हणजे मी रंगाचं पाणी तपासलंच नाही!"

त्याचंही हसू मावळलं. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

"आत बोललात तर कुलूप लागेल. माझी आई, कामावरच्या बायका... तुमच्या शास्त्रातली माणसं हीच ना?"

"नाल्याच्या खालच्या अंगाला वस्तीच्या विहिरी आहेत. तीही माणसंच आहेत."

"आणि मी?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तिचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठीच जीव तुटतोय रे... पण आज हे गिळलं, तर आयुष्यात तुझ्याकडे सरळ बघता येणार नाही मला."

तेवढ्यात शिपायानं हाक मारली.

आत तिनं सगळं सांगून टाकलं. एक शब्दही गाळला नाही. साहेबांनी चष्मा काढला. "मग आजपासून कारखाना बंद करायचा का?"

ती काही बोलणार, तोच तो उठला. "उद्या भट्ट्या पेटवतो, साहेब. यांनी पुन्हा पाणी न्यावं. खराब निघालं, तर ते शुद्ध करायची टाकी बांधून होईपर्यंत मीच कुलूप लावीन."

साहेबांनी मान डोलावली. परवाना मात्र लटकलाच.

तो ताडताड जिना उतरला आणि खाली थांबला. ती मागे धावली. "रागावलास?"

"भयंकर!"

"मग खाली थांबलास कशाला?"

"घरी आई वाट बघतेय. परवाना का मिळाला नाही, ते तूच सांग तिला. चल."

"मी? आणि मी कोण म्हणून येऊ तुझ्या घरी?"

त्यानं तिच्या खांद्यावरची जड पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. अजून रागातच होता.

"ते पोचेपर्यंत ठरव," तो म्हणाला. "माझं केव्हाच ठरलंय."