मोटारखान्यातला कवडसा

युद्धाचं चौथं वर्ष. मद्रासहून इंजिनिअर होऊन आलेल्या योहानने नगरजवळच्या सावेडीच्या बंगल्यात पहिलं काम हाती घेतलं ते मोटारखान्याचं. वडील, डॉक्टर प्रभुदास, वारल्यापासून त्यांची मोटार तिथे अंधारात उभी होती. मिरजगावला बहीण हन्नाचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल नगरच्या वाटेवर, बैलगाडीतच गेलं होतं. दुसऱ्या वेळी मोटार जाईल, आणि पुढे कुठल्याच बाळंतिणीवर ती पाळी येणार नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

भिंतींना चुना दिला, छपरात चार काचेची कौलं बसवली. मोटारखाना उजळला. मोटारीखालचा दुरुस्तीचा खड्डा मात्र काळाच राहिला. तिथे कंदील न्यायचा नाही, हे घरात कुणाला सांगावं लागत नसे. सहा वर्षांपूर्वी ड्रायव्हर श्रीमंत नको नको म्हणत असताना डॉक्टरांनी त्याला कंदील देऊन खाली उतरवलं होतं. पेट्रोलच्या वाफेने पेट घेतला. श्रीमंत वर आला नाही.

त्या सकाळी निरोप आला, हन्नाला कळा सुरू झाल्यात. मोटारीखालचं काम अजून बाकी होतं, आणि बॅटरीचे सेल गावात मिळत नव्हते.

"हिरीच्या तळाला ऊन आरशानं नेत्यात," श्रीमंतची विधवा लंकाबाई म्हणाली. ती अजून बंगल्यातच कामाला होती. "तुमी येवढं शिकलं, तुमाला कसं सुचलं न्हाई, दादा? मी धरते."

ती अंगणात आरसा घेऊन बसली. खड्ड्याच्या दाराकडच्या पायऱ्यांवरून कवडसा खाली उतरला. योहान कामाला लागला.

"मावशी, जरा डावीकडं."

कवडसा डावीकडे सरकला.

"आता बरोबर."

खाली करपल्याचा वास होता. जुन्या ऑइलचा असेल. थोड्या वेळाने उजेड मागच्या चाकाच्या ब्रेकवर जाऊन बसला आणि हलेना.

"मावशी, पुढं घ्या..."

हलेना. वैतागून त्याने तिकडे पाहिलं. ब्रेकच्या सळईची पिन झिजून निम्मी उरली होती. पहिल्याच उतारावर तुटली असती. त्याने नवी बसवली, तेव्हा कुठे उजेड पुढे सरकला.

काम संपवून तो वर आला. काचेची कौलं काळवंडली होती. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. लंकाबाईच्या मांडीवर आरसा पालथा होता.

"ऊन कधी गेलं?"

"तास झाला की. मी हाक दिली... तुमी म्हनला, आता बरोबर."

हन्नासाठी मागच्या सीटवर गादी अंथरून ठेवली होती. योहानने हँडल मारलं आणि मोटार मागे घेत अंगणात काढली.

खड्डा उघडा पडला. त्याच्या तळाशी तळहाताएवढा उजेड सावकाश फिरत होता, कुणी आपली हत्यारं गोळा करावीत तसा. मग तो पहिल्या पायरीवर आला. मग दुसऱ्या.

"मावशी..."

लंकाबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली.

"मागं जागा हाय नव्हं, दादा?" ती हळूच म्हणाली. "माझ्या धन्यांना मिरजगावची वाट ठावी हाय."

योहानने मागे पाहिलं नाही. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग, अगदी हलकेच, ते लागल्याचा.