चष्मेवाल्याची सुटका

"काकू पूजेला बसल्यात, चल," कबीर कुजबुजला आणि अन्वीला घेऊन त्यांच्या बाल्कनीत शिरला. काल पिंजऱ्यात दोन पक्षी होते. आज एकच!

हिरवट पाठ, पिवळं पोट, डोळ्याभोवती पांढरं कडं. हा चष्मेवाला इंडोनेशियाच्या विखुरलेल्या छोट्या बेटांवर राहतो, हे अन्वीनं फोनवर शोधलं होतं. इथे जर्मनीत, वाल्डॉर्फला, हर्ब्स्टफेरियन, म्हणजे शरदाची सुट्टी, चालू होती, आणि सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फ साचत होता.

पूजा आटोपून आलेल्या कुंदाकाकूंनी आनंदानं सांगितलं, की सोळा सोमवारांच्या उद्यापनाला दोन मुके जीव मोकळे करायचे असा त्यांचा संकल्प होता. जाहिरात बघून मुद्दाम विकत आणलेले. एक पहाटेच सोडला, दुसरा उद्या. बाहेर केवढी थंडी आहे, असं कबीर म्हणाला, तर त्या हसल्या. "देव आहे ना रे त्याला."

दोघं खाली धावली. कुंपणाच्या झुडपाखाली तो सापडला, पाय आखडलेला.

"श्लेफ्ट एर?" कबीरनं विचारलं.

"नाही रे. झोपलेला नाही."

व्रतात काकूंना हे सांगायचं कसं? अन्वी वर गेली आणि दुसरा पक्षी आम्ही सोडून येऊ का, म्हणाली. लहानांच्या हातून सुटतोय म्हणून काकूंना भरूनच आलं.

"खोटारडी," जिन्यात कबीर म्हणाला.

"कुठे सोडणार, ते त्यांनी विचारलंच नाही."

पिंजऱ्याला टॉवेल गुंडाळून त्यांनी हायडेलबर्गची बस पकडली. पक्ष्यांच्या शुश्रूषा केंद्रातल्या बाईंनी दोघांची पाठ थोपटली. हा तरी वाचला, म्हणाल्या. आता बेटावर कधी पाठवणार, असं कबीरनं विचारलं. पण तो कुठल्या बेटावरून धरलाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यापुढे इथेच, गरम खोलीत, जाळीमागे.

घरी काकू प्रसाद घेऊन वाट बघत होत्या. "उडाला ना नीट?"

अन्वीनं सगळं सांगितलं. झुडपाखालचंही. काकू खुर्चीत बसल्या.

"आणि हा? हा कधी सुटणार?"

"नाही सुटणार, काकू."

त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी आहात रे पोरांनो. माझ्याहून शहाणी."

कबीर मान खाली घालून उभा होता. "मग पहिल्याला सोडायच्या आधी का नाही विचारलंत आम्हाला?"

काकूंनी हात काढून घेतला.