खाडीतल्या लोखंडाची सुरी

कुणी विश्वास ठेवो न ठेवो, हे माझ्या मित्राच्या, हृतिकच्या बाबतीत घडलंय. गेल्या डिसेंबरात, एका रविवारी. पनवेलपासून अर्ध्या तासावर, गाढी नदीच्या काठी. त्याने सांगितलं तेच सांगतोय. पदरचं एक अक्षर नाही.

हृतिक शनिवार-रविवारी नदीकाठी तंबू लावतो आणि लोकांना कॅम्पिंगला नेतो. धंदा नवा, खिसा हलका. दोर कापताना त्याचा घडीचा चाकू अचानक मिटला आणि बोट थोडक्यात वाचलं. म्हणून तो जुन्या पनवेलच्या बाजारात गेला. न मिटणारी, जाड पात्याची सुरी हवी होती. तीही स्वस्तात!

दुकानदाराने आधी एक चकचकीत सुरी काढली. हृतिकने मूठ हलवून पाहिली, तर डुगडुगली. दुसरी परदेशी. किंमत ऐकूनच त्याने ती हळूच खाली ठेवली.

तिसरी काळपट होती…

पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं. हातात नीट बसणारी. पात्यावर लोहाराचा जुना शिक्का, चंद्रकोरीचा.

"ही भंगारातून बनवलीय," दुकानदार म्हणाला. "खाडीतला गाळ काढताना लोखंड निघालं ना, त्यातली. माल एक नंबर. पण धार धरत नाही भाई, म्हणून कमीत देतो."

धार काय, आपण लावू. हृतिकने सुरी घेतली.

घरी येऊन त्याने ती दगडावर तासभर घासली. पातं आरशासारखं झालं.

तरी टोमॅटो कापेना.

दोर कापेना. कागदसुद्धा कापेना. शेवटी त्याने स्वतःचा अंगठा फिरवला… साधा ओरखडाही नाही.

"फसवला रं तुला!" संध्याकाळी हे ऐकून काशीरामकाका हसला.

हा काका म्हणजे हृतिकचं सर्वस्व. बाप लहानपणीच आजाराने गेला. मग आई, जनी, खाडीवर लाकडं तोडायला गेली आणि भरतीत हातातल्या कोयत्यासकट वाहून गेली. काकाने त्याला हेच सांगितलं होतं. काका आणि कृष्णाकाकूने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. काकू तर स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा त्याला काढून द्यायची.

काकाने हसत हसत सुरी उचलली. ती तेव्हा म्यानात होती. चामड्याच्या जाड म्यानात.

तरीही त्याच्या तळव्यातून रक्त ठिबकायला लागलं…

हृतिकने म्यान उलटंसुलटं करून पाहिलं. कुठेही चीर नव्हती.

रविवारी दुपारी काका नदीकाठी कॅम्प बघायला आला. हाताला पट्टी होती. हृतिकचा मित्र आर्यन चूल पेटवत होता. तंबूंजवळ चार पाहुणे गप्पा मारत बसले होते. उजेड अजून भरपूर होता. हृतिकने सुरी म्यानातून काढून खडकावर ठेवली. काका मुद्दाम लांब जाऊन बसला.

थोड्या वेळाने आर्यन ओरडला. "काका, पाय बघा तुमचा!"

काकाची चप्पल रक्ताने भिजली होती.

सुरी खडकावरच होती. कोरडी.

काका लंगडत आला, तो चिडून. सुरी नदीत भिरकावून द्यायलाच आला होता. पण जवळ येऊन वाकला आणि तसाच थांबला. त्याने पातं उघडं पहिल्यांदाच पाहिलं होतं. चंद्रकोर पाहिली…

"हा जनीवैनीच्या म्हायेरच्या लोहाराचा शिक्का," तो पुटपुटला. "तिचा कोयता तर मी खाडीत टाकला व्हता."

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

पापाला वाचा फुटते म्हणतात. अशी फुटते.

पाखरं गप्प झाली. वारा पडला. समोर चूल भडकलेली, पण लाकडांचा आवाज येईना…

"काका," हृतिक म्हणाला, "आई तर कोयत्यासकट वाहून गेली ना?"

"ती जमिनीच्या कागदावर अंगठा देत नव्हती रं… मी नुसता घाबरवायला गेलो व्हतो…"

काकाची नजर हृतिकच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे कुणीच नव्हतं.

"नको, वैनी! नको!"

तो काठावरच्या झाडीत धावत सुटला.

हृतिक जागचा हलला नाही. धावला असता तर काकाला गाठलं असतं. पण त्याच्या डोक्यात फक्त संताप होता. मरू दे, असं त्याला वाटलं. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना नजर खाली वळवली नाही.

झाडीतून आवाज आला. ओलं लाकूड तोडल्यासारखा.

कच्…

कच्…

मग काहीच नाही.

काका पाण्याच्या कडेला सापडला. मानेवर दोन घाव. डॉक्टर म्हणाले, वाकड्या पात्याचे घाव आहेत, कोयत्याचे असावेत. हृतिकची सुरी सरळ होती. तो जागेवरून उठलाच नाही, हे आर्यनने आणि चारही पाहुण्यांनी सांगितलं. पोलिसांनी सुरी बघितली, कागदावर चालवली आणि परत दिली.

संपलं, असं हृतिकला वाटलं. आईला न्याय मिळाला. त्याने घरी येऊन दोराचा तुकडा घेतला.

सुरी कापेना…

तेराव्यानंतर त्याने ती माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भाकऱ्या थापायला बसली, तर पिठात रक्त.

"कशानं कापलं गं?"

"काय नाय. विळी लागली."

विळी रात्रीपासून भिंतीलाच टांगलेली होती.

आता काकूच्या पाचही बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात. ती बोलत नाही. हृतिकही सुरी टाकत नाही. उलट, त्याने ती माळ्यावरून काढून स्वयंपाकघरात ठेवली आहे.

मी त्याला खूप समजावलं. "अरे, तिने तुला वाढवलंय. दे ती फेकून."

"मी कुठं काय करतो?" तो शांतपणे म्हणाला. "आई विचारते हाय. काकूनं सांगून टाकावं, त्या दिवशी ती खाडीवर व्हती का नाय."

खरं सांगतो, त्या क्षणी मला सुरीची नाही, त्याची भीती वाटली.

काल त्याचा फोन आला होता. रविवारी जेवायला बोलावलंय. काकू कालवण करणार आहे म्हणे.

मी अजून हो म्हटलेलं नाही.