उशीच्या अभ्र्यावरचा डाग

फोन आला तेव्हा प्रसेनजीत प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांखालचे कागद बदलत होता. नारिंगी डाग पडलेले ते कागद गोळा करायला कुणीच तयार नसे, म्हणून ते काम त्याच्याच गळ्यात पडलेलं.

"दादा, दवाखान्यात फौजदार आलेत," धाकटी बहीण शिवानी सांगत होती. "मी ह्यांच्या गोळ्या बाहेर विकते, अशी सासूबाईंनी तक्रार दिलीय. लवकर ये."

प्रसेनजीतने स्कूटर थेट दवाखान्याकडे घेतली.

शिवानीचा नवरा अतुल शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा आई बाळाबाईंनी स्वतःचं एक दिलं. परक्या अवयवावर शरीराने चाल करू नये म्हणून अतुलला सायक्लोस्पोरिन हे औषध जन्मभर घ्यायचं होतं. ते शिवानी वेळच्या वेळी देत असे. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. आणि आता मुंबईहून आलेला रक्ताचा अहवाल सांगत होता की ते औषध अतुलच्या रक्तात नावालाच उरलंय.

औषध कुठे जातंय ते लगेच कळलं नाही तर मूत्रपिंड गेलंच समजा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

व्हरांड्यात शिवानी भिंतीला टेकून उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. बाकावर बाळाबाई होत्या, आणि समोर फौजदार सयाजीराव.

"या पावणं," बाळाबाई म्हणाल्या. "बघा तुमच्या भनीचं काम. माझ्या पोटातलं काढून दिलं, आन् ही महागाच्या गोळ्या बाहेर विकती."

"फौजदारसाहेब, दवाखान्यात आल्यापासून गोळी कोण देतं?" प्रसेनजीतने विचारलं.

"सिस्टर. गिळंपर्यंत हलत न्हाई ती."

"आणि त्यानंतरचा अहवाल?"

"आज आला. तसाच हाय." सयाजीरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग काय, सिस्टरलाबी धरू?"

गोळी पोटात जात होती, मग रक्तात का दिसत नव्हती? यकृतातली एन्झाइमं औषधं कशी फोडतात, यावर प्रसेनजीतने अर्धं आयुष्य घालवलं होतं. नातेवाईक त्याला उंदरांचा डॉक्टर म्हणून चिडवायचे. आज सख्ख्या बहिणीसाठी त्या विद्येचा उपयोग होईना, याचा त्याला स्वतःवरच संताप आला.

तो खोलीत गेला. अतुल सुजलेल्या चेहऱ्याने पडून होता. रात्रभर रडला असावा. त्याने मान वळवली तशी उशीच्या अभ्र्यावर गालाखाली नारिंगी डाग दिसला.

"हा कशाचा डाग, मावशी?"

"हळदीचं दूध देती की मी त्याला. सांडलं आसंल," मागून आलेल्या बाळाबाई म्हणाल्या.

प्रसेनजीतने अभ्रा काढला आणि मोरीत नेऊन त्यावर साबण घासला. हळद असती तर साबण लागताच डाग कुंकवासारखा लाल झाला असता. इथे तो होता तसाच नारिंगी राहिला. असा रंग प्रसेनजीत रोज सकाळी पाहत होता.

तो परत येऊन अतुलजवळ बसला. "दाजी, सकाळी चहाच्या आधी काय घेता?"

"काय न्हाई."

"औषध नसेल, पण दुसरं काही?"

"आई टॉनिक देती, हितंबी. लाल कॅप्सूल, रक्त वाढायची. संगं दोनतीन गोळ्या. अनशापोटी घ्यायची म्हणती."

"कधीपासून?"

"खोकला लागला, संध्याकाळचा ताप यायचा, तवापास्नं. टॉनिकनं खोकला थांबला बघा."

"कुठलं टॉनिक?"

"ती निपाणीला जाती, माझ्या भनीच्या, मोनाच्या लग्नाच्या खरेदीला. येताना घेऊन येती."

प्रसेनजीतने बाळाबाईंना हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि बाकावर बसवलं. मग तो सयाजीरावांकडे वळला.

"गोळ्या कुणीही विकल्या नाहीत, साहेब. ती लाल कॅप्सूल टॉनिक नाही. ते रिफाम्पिसिन, टीबीचं औषध. त्याने लघवी, घाम आणि डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं. माझ्या उंदरांना मी तेच देतो."

"त्येचा किडनीशी काय संबंध?"

"यकृतात औषधं फोडणारी एन्झाइमं असतात. रिफाम्पिसिन पोटात गेलं की ती कितीतरी पट वाढतात. एका पाळीच्या कामावर सगळ्या फाउंड्रीची माणसं तुटून पडावीत तसं. सायक्लोस्पोरिन रक्तात टिकायच्या आतच ती त्याचा फडशा पाडतात. डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी औषध बदललं असतं, नाहीतर मात्रा वाढवली असती."

"मग टीबी लपवला कुणी? आन् कशापायी?"

प्रसेनजीतने बाळाबाईंकडे पाहिलं. त्याला बोलायचं जिवावर आलं. "मावशी, अतुलचे वडील याच आजाराने गेले ना? तुम्ही खोकला ओळखलात. मोनाची सोयरीक कागलात ठरलेली. घरात टीबी आहे हे कळलं तर ती मोडेल, म्हणून औषध निपाणीहून आणलंत. तिथल्या डॉक्टरला किडनीचं सांगितलं होतंत?"



"न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगितलं आसतं तर म्हटला आसता, मोठ्या दवाखान्यात न्ह्या. मग इथं समद्यांस्नी कळलं आसतं." पदर तोंडाशी धरून त्यांनी विचारलं, "म्हंजे माझी किडनी मीच मारली व्हय?"

सयाजीरावांनी तक्रारीचा कागद फाडला.

प्रसेनजीत डॉक्टरांकडे धावला. लगेच सगळ्या तपासण्या झाल्या, मात्रा वाढली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि चष्मा पुसत म्हणाले, उशीर झाला. मूत्रपिंड गेलं होतं. अतुलला पुन्हा डायलिसिस लावावं लागणार होतं.

बाळाबाई उठल्या, तशाच शिवानीसमोर जाऊन खाली फरशीवर बसल्या आणि तिचा हात धरला.

"पोरी, तू शिकल्याली हाईस. डाक्टरला नीट समजावून सांग. अजून एक हाय की माझ्याकडं. त्ये काढा म्हणावं."

ज्या बाईने तिला चोर ठरवलं, तिचा हात शिवानीला झिडकारायचा होता. पण काही केल्या तो तिला सोडवेना.